‘आपल्याच ओळखीत दोन लग्नं मोडली’ : या युक्तिवादाला उत्तर काय?

अबोली | रविवार, रात्री १०:१५

गेले आठ दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे, म्हणून इथं लिहिते. थोडं लांबेल.

माझ्या धाकट्या बहिणीसाठी एक स्थळ आलं होतं. दोघं दोनदा भेटले, दोघांनाही पसंती होती. मग पत्रिका जुळवल्या. गुण छत्तीसपैकी साडेचोवीस, म्हणजे अठराच्या बरेच वर. पण बहिणीच्या पत्रिकेत अष्टमात मंगळ निघाला, मुलाला मंगळ नाही. दोन दिवसांनी फोन आला, ‘पत्रिका जमत नाही.’ बहीण काही बोलली नाही. त्या रात्री जेवलीही नाही.

पुढच्या रविवारी मामा आले होते. बाबा गेल्यानंतर आमच्या शिक्षणापासून सगळं त्यांनीच पाहिलं, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आवाज चढवायची सवय आम्हाला नाही. मी म्हटलं, हे सगळं थोतांड आहे. मामा शांतपणे म्हणाले, ‘तुला थोतांड वाटेल. पण आपल्याच ओळखीत दोन लग्नं पत्रिका न बघता झाली आणि दोन्ही मोडली. नंतर पत्रिका दाखवल्या तर दोन्हीकडे एकाला मंगळ, दुसऱ्याला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.’

मला काही सुचेना. आणि सुचेना म्हणून मी चिडले. ‘ज्योतिषी पैशासाठी घाबरवतात आणि तुमच्यासारखी शिकलेली माणसं घाबरतात’ असं बोलून गेले. मामा चहा अर्धा ठेवून उठले.

रात्री विचार करताना कळलं की मी त्यांच्या मुद्द्याला हातच लावला नव्हता. ज्योतिषी पैसे घेतात, डॉक्टरही घेतात. त्यावरून औषध लागू पडतं की नाही हे ठरत नाही, तसंच मंगळाचंही ठरत नाही. मी माणसावर बोलले, म्हणण्यावर बोललेच नाही.

मग वाचायला बसले. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. १०० हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं, अशा २०० पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० द्यायच्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते विचारायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगला निकाल होता ४० पैकी २४. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली.

हे मामांना सांगावं असं वाटलं. पण ही चाचणी बुद्धीची होती, लग्नाची नाही. मामा हेच म्हणतील, आणि त्यांचं चूक नसेल.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मामांच्या त्या वाक्यात नेमकी फट कुठे आहे? आणि ती त्यांना न दुखावता कशी दाखवावी? मला वाद जिंकायचा नाहीये. बहिणीसाठी पुढचं स्थळ येईल तेव्हा मामा आमच्या बाजूला बसलेले हवेत.

---

कडुलिंब | सोमवार, सकाळी ६:५०

अबोलीताई, छत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर त्याच वाटेने देतो. कागद घ्या, बरोबर करून बघा.

मामांनी एकच खण पाहिला आहे : मंगळ आहे आणि लग्न मोडलं. असे खण चार असतात. मंगळ आहे, लग्न मोडलं. मंगळ आहे, लग्न टिकलं. मंगळ नाही, लग्न मोडलं. मंगळ नाही, लग्न टिकलं. चारही भरल्याशिवाय मंगळाचा आणि मोडण्याचा संबंध आहे की नाही, कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही, मामांनाही नाही. आणि टिकलेल्या लग्नाची पत्रिका मागाहून काढून बघायला कोण जातं? मोडलं की बघतात. म्हणून पहिला खण आपोआप भरत राहतो आणि बाकीचे तीन रिकामे राहतात.

आता मंगळ किती जणांना असतो ते पाहू. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळ आहे म्हणतात. बारापैकी पाच स्थानं. ढोबळमानाने शंभरातल्या बेचाळीस माणसांना मंगळ निघणार. (काही जण दुसरं स्थानही धरतात, मग निम्म्यांना. चंद्रकुंडलीवरूनही पाहिलं तर आकडा आणखी वर जातो.)

पत्रिका न बघता लग्न करणाऱ्या जोडप्यांचं बघा. मुलाच्या मंगळाच्या बारा जागा, मुलीच्या बारा, म्हणजे एकूण १४४ जोड्या. त्यांत ‘एकाला आहे, दुसऱ्याला नाही’ अशा किती? ५ गुणिले ७, आणि उलट बाजूने तेवढ्याच. सत्तर. १४४ पैकी ७०, म्हणजे जवळजवळ निम्मी जोडपी. सुखाने नांदणारीही त्यात आली आणि मोडलेलीही.

दोन मोडलेली लग्नं घेतली तर दोन्हींत असा मंगळ निघण्याची शक्यता चारात एक. दोनदा नाणं उडवून दोन्ही वेळा छापा पडावा, इतकीच ती गोष्ट. मामा खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी पाहिलं ते खरंच पाहिलं. त्याला जेवढं वजन त्यांनी दिलं, तेवढं मात्र त्यात नाही.

---

सातारकरीण | सोमवार, सकाळी ९:०५

कडुलिंब काका, हे इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझं स्वतःचं लग्न मंगळामुळे चार वर्षं लांबलं. बेचाळीस टक्के हा आकडा तेव्हा कुणी आईला सांगायला हवा होता.

---

गोदाकाठ | सोमवार, दुपारी २:३०

मी ज्योतिषाचा अभ्यासक आहे, व्यवसाय करत नाही. तीस वर्षं पत्रिका बघतो आहे आणि कुणाकडून रुपया घेतलेला नाही. अबोलीताईंनी पैशाचा मुद्दा स्वतःच मागे घेतला, त्याबद्दल त्यांचे आभार. आमच्यासारख्यांना पहिला दगड नेहमी तोच लागतो.

माझे आक्षेप नोंदवतो.

एक, नुसत्या मंगळावरून लग्न मोडणारा माणूस जाणकार नाही. मंगळाला अपवाद बरेच आहेत. तो स्वराशीत असेल, उच्चीचा असेल, गुरूची दृष्टी असेल, तर दोष धरत नाहीत. तेव्हा काकांचे बेचाळीस टक्के प्रत्यक्षात बरेच खाली येतात.

दोन, पुण्याच्या चाचणीत उतरलेले २७ जण म्हणजे ज्योतिषशास्त्र नव्हे. अनेक जाणकार त्यात उतरलेच नाहीत. पोहता न येणारे सत्तावीस जण बुडाले म्हणून पोहणं खोटं ठरत नाही.

तीन, जी चाचणी लग्नाची नाहीच, ती लग्नाच्या चर्चेत का आणायची?

---

पानशेत | सोमवार, रात्री ८:४०

गोदाकाठ दादा, तुमचा तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्या चाचणीने एकच दावा तपासला : पत्रिकेवरून बुद्धीचा अंदाज येतो का. तिच्या जोरावर ‘सगळं ज्योतिष खोटं ठरलं’ असं कुणी म्हणत असेल तर तो पुराव्यापलीकडे बोलतो आहे. आमच्या बाजूचे लोक हे सर्रास करतात आणि त्याचा मला त्रास होतो. ज्या काटेकोरपणाची मागणी आपण दुसऱ्याकडे करतो, तो आधी स्वतःच्या आवडत्या पुराव्याला लावायला हवा.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबतो. पोहण्याचा दाखला इथे लागू पडत नाही. कुणाला पोहता येतं हे आपण पाण्याजवळ उभं राहून, स्वतंत्रपणे ठरवू शकतो. जाणकार ज्योतिषी कोण, हे निकाल लागायच्या आधी कशावरून ठरवायचं? त्यासाठी वेगळी खूण असेल तर ती आधीच सांगा आणि त्या खुणेची माणसं निवडा. पण हरला म्हणून तो जाणकार नव्हता असं म्हणायचं असेल, तर जाणकार कधीच हरणार नाही, कारण हरलेल्याला आपण दरवेळी यादीतून काढून टाकतो. अशा विधानाला कुठलाच निकाल खोटं पाडू शकत नाही. आणि खोटं पडण्याची जागाच ज्यात नाही, ते खरं ठरलं असंही म्हणता येत नाही.

२४ या आकड्याबद्दलही. ‘एकाची तर ४० पैकी २४ बरोबर आली, म्हणजे साठ टक्के’ असं ऐकायला येतं. मी गणित करून पाहिलं. नुसतं नाणं उडवत ४० उत्तरं दिली, तर २४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण १३ टक्के निघते. असे सत्तावीस जण नाणं उडवायला बसले, तर त्यातल्या तीन-चार जणांना २४ किंवा त्याहून जास्त मिळायला हवेत. इथे एकालाच मिळाले. २८ बरोबर आले असते तर मी जागेवर उठून बसलो असतो, कारण तेवढे नाण्याने मिळायची शक्यता शंभरात एकही नाही.

पहिल्या मुद्द्याबद्दल एक विनंती. अपवाद आहेत हे मान्य. पण ते पत्रिका उघडायच्या आधी लिहून काढता येतील का? किती अपवाद आणि कुठले? कारण माझ्या पाहण्यात लग्न टिकलं की अपवाद सापडतो, मोडलं की दोष सापडतो.

---

जुनाफळा | मंगळवार, सकाळी ७:२०

वाचून फार बरं वाटलं. संस्कृतचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो.

हा सगळा विचार आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, फार जुना आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते हवं असतं अशी चर्चा. जल्प म्हणजे कसंही करून जिंकायचं. वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं नुसतं पाडायचं. मराठीत आपण ‘वाद घालू नकोस’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जल्पाबद्दल बोलत असतो. तिघांतला जो चांगला, त्याचंच नाव बिचारं बदनाम झालं. अबोलीताईंनी जो प्रश्न विचारला आहे, ‘जिंकायचं नाहीये’, तो खऱ्या अर्थाने वाद आहे.

दुसरं, व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचा कधीही न चुकणारा संबंध. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी हे कायम आढळतं. स्वयंपाकघर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पण उलटं करा : जिथे अग्नी तिथे धूर. हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग धूर कधी होतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, ‘उपाधी’ म्हणतात. दिसणाऱ्या संबंधामागे दडलेली तिसरी गोष्ट.

मामांच्या दोन लग्नांत असं ओलं सरपण काय होतं, हे मला विचारावंसं वाटतं. पत्रिका न बघता लग्न झालं म्हणजे कदाचित घरच्यांच्या विरोधात झालं असेल. आधाराला कुणी नाही, भांडण झालं तर समजूत घालायला कुणी नाही, भाड्याच्या खोलीत दोघंच. लग्न मोडायला तेवढं पुरेसं असतं. मंगळ तिथे असेलही, लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो तसा.

आपल्या आज्या यालाच ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ म्हणायच्या.

---

अबोली | मंगळवार, दुपारी १:१०

जुनाफळा, अंगावर काटा आला. त्या दोन्ही लग्नांत खरोखर घरच्यांनी संबंध तोडले होते. एकीच्या बाळंतपणात माहेरचं कुणी गेलं नव्हतं. आम्हीही गेलो नव्हतो. हे मी आजवर या बाजूने पाहिलंच नव्हतं.

---

मैनाताई | मंगळवार, रात्री ११:००

मी प्रसूतिकक्षात नर्स आहे, बावीस वर्षं झाली. इथे सगळे पत्रिकेबद्दल बोलतायत, पण पत्रिका ज्या वेळेवर उभी राहते ती वेळ मी लिहिते, म्हणून बोलते.

बाळ जन्मलं म्हणजे नेमकं कधी? डोकं बाहेर आलं तेव्हा, पूर्ण बाहेर आलं तेव्हा, रडलं तेव्हा की नाळ कापली तेव्हा? आम्ही बाळ पूर्ण बाहेर आलं की घड्याळ बघतो. बघतो म्हणजे हात मोकळा असेल तर. बाईला रक्तस्राव होत असेल, बाळ लगेच रडत नसेल, तर आधी जीव, मग घड्याळ. नंतर अंदाजाने दोन-पाच मिनिटं मागे जाऊन लिहायचं. भिंतीवरचं घड्याळ आणि माझ्या हातातलं यांत कितीदा तीन-चार मिनिटांचा फरक असतो. मी कधी खोटी वेळ लिहिली नाही. पण मिनिटाला बरोबर आहे असं शपथेवर सांगणार नाही.

चार मिनिटांनी पत्रिकेत फरक पडतो का, हे गोदाकाठ दादांनीच सांगावं.

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी १०:४५

मैनाताई, पडतो. एरवी पडत नाही, पण सीमेवर असेल तर पडतो. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी, साधारण दोन तासांनी बदलते, अंश साधारण चार मिनिटांनी. समजा मेष लग्नाचा शेवटचा अंश चालू आहे आणि मंगळ धनू राशीत आहे. तो नववा झाला, मंगळ नाही. चार मिनिटांनी वृषभ लग्न लागलं. मंगळ धनूतच आहे, पण आता तो आठवा. अष्टमातला मंगळ, सगळ्यात कडक म्हणतात तो.

अशा वेळी आम्ही जन्मवेळेची शुद्धी करतो. आयुष्यात घडलेल्या घटना, आजार, नोकरी, लग्न बघून वेळ थोडी मागेपुढे करतो आणि जुळेल ती धरतो.

हे लिहिता लिहिता पानशेत काय विचारणार ते मला दिसलं. घडलेल्या घटनांवरून वेळ ठरवायची आणि त्या वेळेवरून त्याच घटना पत्रिकेत दिसतात म्हणायचं. यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. अपवादांची यादी आधी लिहून काढायला बसलो होतो, अकरावर थांबलो. त्यातले सहा अपवाद असे, की त्यांच्या उलट मत असलेला ग्रंथही माझ्याच कपाटात आहे.

माझी श्रद्धा यामुळे गेली असं नाही. पण कुणाची मुलगी मंगळ म्हणून नाकारू नका, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना यापुढे स्पष्ट सांगेन.

---

पानशेत | बुधवार, दुपारी १२:२०

दादा, असा प्रतिसाद मी कुठल्याही बाजूच्या माणसाकडून फार क्वचित वाचला आहे. मनापासून नमस्कार.

---

वाळवंटातली | बुधवार, दुपारी ४:१५

दुबईहून वाचते आहे. ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ यावर एक. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा मी सातवीत होते. मीही चमचा धरला होता आणि दूध खरंच कमी झालं होतं. नंतर शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की मूर्तीला टेकलेला थेंब ओढला जातो आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतो. पांढऱ्या ओल्या दगडावर तो दिसत नाही. माझ्या डोळ्यांनी मला फसवलं नव्हतं. चमच्यातलं दूध कमी झालं, इतकंच मी पाहिलं होतं. गणपती प्यायला, हे मी त्यात घातलं.

अबोली, मामांशी बोलताना ‘तुम्ही चुकीचं पाहिलंत’ असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांनी दोन मोडलेली लग्नं पाहिली, दोन पत्रिका पाहिल्या. बाकीचं वेगळं करून त्यांच्यासमोर ठेव.

---

अबोली | पुढचा रविवार, रात्री ९:३०

आज मामांकडे गेले होते. आधी माफी मागितली. ते म्हणाले, ‘अगं, मी विसरलोही’, पण विसरले नव्हते हे दिसत होतं.

मग वही काढली. चाचणी, टक्के, काही सांगितलं नाही. चार खण आखले आणि म्हटलं, मामा, आपल्या दोन्हीकडच्या नात्यातली तुम्हाला माहीत असलेली सगळी लग्नं लिहू या. मोडलेली, टिकलेली, सगळी. पत्रिका जेवढ्या मिळतील तेवढ्या मागवू. मंगळ कशाला धरायचा ते तुम्हीच आधी ठरवा, मी लिहून घेते आणि नंतर बदलायचं नाही.

मामांनी चष्मा लावला. हिशोबाची त्यांना आवड आहे, सगळं आयुष्य बँकेत गेलं. पाच स्थानं त्यांनी स्वतः लिहिली, दुसरं धरायचं नाही म्हणाले. अपवाद फक्त दोन, तेही लिहिले, खाली तारीख घातली. मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, ‘मोडलेलं कशाला म्हणायचं? कोर्टात गेलेलंच? आणि ती कोल्हापूरची आपली, जी दहा वर्षं वेगळी राहते, पण कागदावर लग्न आहे?’

इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही वेगळं राहणंही मोडलेल्यात धरायचं ठरवलं.

मामी इतका वेळ भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘आणि नांदली म्हणजे टिकलं असंच लिहिणार का? तुमच्या थोरल्या काकू चाळीस वर्षं नांदल्या. त्यांना कुठल्या खणात घालणार?’

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पट्टी घेऊन वहीत आणखी एक रकाना आखला. त्याला नाव अजून दिलेलं नाही. वही त्यांच्याचकडे आहे. पुढच्या रविवारी बहीणही येते म्हणाली आहे.